तिसरा रकाना

१७ सप्टेंबर

आत्या,

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. ७ सप्टेंबरला मी तुला पत्राने कळवलं की धाकट्याचं नाव चर्चमधल्या आजाऱ्यांच्या यादीतून काढून टाक.

२. १३ सप्टेंबरच्या रविवारी उपासनेत तू नेहमीप्रमाणे आजाऱ्यांची यादी वाचलीस. त्याचं नाव नव्हतं. इथपर्यंत सगळं सांगितल्याप्रमाणे.

३. मग तू आभाराची यादी वाचलीस. तिच्यात दोन बाळंतपणं, एक नोकरी आणि माझा भाऊ होता.

४. मंडळी 'आमेन' म्हणाली. मागच्या बाकावरून कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

५. सोमवारी सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. "पोरी, एवढी मोठी गोष्ट आणि ती आम्हाला तुझ्या आत्याच्या तोंडून कळावी?" मी विचारलं, कोणती गोष्ट. तेव्हा त्यांनी वरचं सगळं सांगितलं.

६. बुधवारी चार शुभेच्छापत्रं आणि सुकामेव्याचा एक डबा आला. पोटॅशियममुळे सुकामेवा त्याला वर्ज्य आहे.

७. त्यातलं एक पाकीट त्याने डायलिसिसच्या मशीनवर असतानाच उघडलं. उजव्या हातात दोन सुया होत्या, म्हणून डाव्या हाताने आणि दातांनी. आत लिहिलं होतं, 'पूर्ण बरे झाल्याबद्दल देवाचे आभार.' तो इतका हसला की हात हलला, नळीतला दाब वाढला आणि अलार्म वाजला. अलार्म मी बंद केला.

तो बरा झालेला नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास, असं डायलिसिस तीन वर्षं दोन महिने चालू आहे. मी त्याच केंद्रात तंत्रज्ञ आहे, त्यामुळे ही ऐकीव माहिती नाही. तेवढ्या काळात तू त्याचं नाव एकशे चौसष्ट रविवार वाचलंस. त्याच्या रक्ताचे अहवाल मी पहिल्यापासून लावून ठेवले आहेत. एकशे चौसष्ट रविवारांचा काही परिणाम त्यांत मला दिसत नाही. म्हणून मी नाव काढायला सांगितलं होतं. दुसरं कारण नाही.

आई-बाबा गेल्यावर तू आम्हाला वाढवलंस हे मी विसरलेले नाही. तुझ्यावर चिडलेली नाही. दोनच गोष्टी कर. येत्या रविवारी चूक दुरुस्त कर, आणि नाव पुन्हा कुठल्याही यादीत घालू नकोस.

चूक कशी झाली तेही कळव. एकतीस वर्षं यादी वाचणाऱ्या माणसाकडून अशी चूक उगीच होत नाही.

तुझी भाची

* * *

२२ सप्टेंबर

प्रिय मोजपट्टी,

प्रभूमध्ये सलाम. तुझ्या पत्रात सलाम नव्हता. विसरलीस असं म्हणावं तर तू विसरणाऱ्यातली नाहीस. सात वर्षांची होतीस तेव्हापासून चर्चची बाकं वितीने मोजायचीस आणि माझ्या नवऱ्याला सांगायचीस, "आतोबा, डावीकडचं तिसरं बाक चार बोटं आखूड आहे." ते आखूडच निघालं, हे मात्र खरं.

चूक माझी. चर्चच्या चिटणीसबाईंनी दोन्ही कागद एकात एक घालून दिले, माझी गडबड झाली. एवढंच.

रविवारी उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं, "मुलगा बरा झालेला नाही, मी चुकीचं वाचलं." तेवढ्यात आपले सुतारकाका, ज्यांना निम्मं ऐकू येतं आणि सगळं बोलायचं असतं, शेजाऱ्याला विचारतात कसे, "काय झालं? देवाने परत घेतलं का?" पाळकसाहेबांना खोकला आला. मंडळीतले घड्याळवाले नंतर दारात मला म्हणाले, "बाई, मी त्या रविवारी घरी जाऊन बायकोला सांगितलं की तीन वर्षांत पहिल्यांदा आपलं कुठलं तरी मागणं ऐकलं गेलं. आता तिला काय सांगू?" मी म्हटलं, सांगा, ऑपरेटरने चुकीचा नंबर जोडला.

आता तुझी दुसरी गोष्ट. ती मला जमली नाही. आपल्याकडे आजाऱ्यांच्या यादीतून नाव दोनच कारणांनी जातं. बरं झालं तर ते आभाराच्या कागदावर जातं. माणूस गेलं तर पाळकसाहेब उभं राहून सांगतात. तिसरा रकाना नाही. चूक दुरुस्त केल्यावर मी त्याचं नाव वाचलं नसतं, तर सुतारकाकांनी तिथल्या तिथे त्याला पुरला असता. म्हणून बाराव्या नंबरावर परत वाचलं. रागावशील. रागाव.

फोन का करत नाहीस असं विचारू नकोस. सदतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसून लोकांची बोलणी जोडून दिली. आता घरात घंटा वाजली की मला अजून वाटतं, ही दुसऱ्या कोणाची तरी आहे.

धाकट्या बटाट्याला माझा सलाम. तुझं काम नीट लिही ना कधीतरी. पाळकसाहेब विचारत होते, डायलिसिसच्या पाण्याचं एवढं काय बघते ती? नळाला येतं ते चालत नाही का?

तुझी आत्या

* * *

३० सप्टेंबर

आत्या,

चिटणीसबाईंनी कागद एकात एक घातले हे कारण मला पटत नाही. आजाऱ्यांची यादी पांढऱ्या कागदावर असते आणि आभाराची पिवळ्या. मी सात वर्षांची असल्यापासून हेच आहे. पांढऱ्या कागदावरचं नाव पिवळ्यावर वाचलं जात नाही. पण तुला सांगायचं नसेल तर मी विचारत नाही.

तिसरा रकाना नसेल तर तो करावा. मथळा 'विनंतीवरून' असा चालेल.

पाळकसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर. एका माणसाच्या एका डायलिसिसला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. ते पाणी आणि रक्त यांच्यात फक्त एक पातळ पडदा असतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पिताना ते बाधत नाही, पण पडद्यातून रक्तात गेलं तर रक्तपेशी फुटतात. म्हणून पाणी आधी कोळशाच्या दोन टाक्यांमधून जातं. पहिली पाळी सुरू होण्याआधी, पहाटे साडेपाचला, मी टाक्यांच्या पुढच्या नळातून बाटलीत नमुना घेते, भुकटी टाकते, थांबते, आणि उजेडात धरून बघते. गुलाबी झालं तर क्लोरीन आहे. नाही झालं तर रजिस्टरमध्ये वेळ, निकाल आणि सही. मग पेशंट आत येतात. मी इथे लागल्यापासून ते एकदाही गुलाबी झालेलं नाही.

हे वाचून तुझ्या पुढच्या पत्रात काय येणार ते मला आत्ताच दिसतं आहे. कृपया ते लिहू नकोस. मला उपमा नको आहेत. पाण्याची चाचणी ही पाण्याची चाचणी आहे.

धाकट्याचा सलाम. तो म्हणतो, बटाट्याला बटाटा वर्ज्य, ही डॉक्टरांची खास थट्टा आहे.

तुझी भाची

[समासात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात]

गेल्या वर्षी माझी किडनी त्याला द्यायची म्हणून तपासण्या केल्या होत्या. शेवटच्या तपासणीत जुळली नाही. तुला कळवलं नव्हतं. त्यानंतर मी उपासनेला गेलेले नाही. जावंसं वाटत नाही याहून जास्त मला सांगता येत नाही. तुला काही म्हणायचं असेल तर म्हण.

* * *

७ ऑक्टोबर

प्रिय मोजपट्टी,

प्रभूमध्ये सलाम. उपमा लिहीत नाही. तू आधीच लिहून टाकलीस, तर मी कशाला पुन्हा शाई घालवू?

तुझं पाण्याचं पत्र पाळकसाहेबांनी उपासनेनंतर मोठ्याने वाचून दाखवलं. ते घाईघाईने वाचतात, पण समजलं. सव्वाशे लिटर ऐकून घड्याळवाल्यांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार असा हिशेब बोटांवर केला आणि मग बोटं खिशात घातली. चिटणीसबाई म्हणाल्या, "ही पोरगी पहाटे साडेपाचला उठते? आमच्या घरी तर साडेआठलाही बाप्तिस्मा द्यावा लागतो."

कागदांचं म्हणशील तर पिवळा कागद हल्ली फार फिका येतो. दुकानदार बदलला.

तिसऱ्या रकान्याचं मंडळाच्या सभेत काढलं. सुतारकाका म्हणाले, मथळा 'कंटाळा आला' असा ठेवा, मग माझंही नाव त्यात घाला. सगळे हसले. मी हसले नाही. कंटाळा आलेल्यांची यादी केली तर पांढरा कागद पुरणार नाही, हे मला बोर्डावर बसल्यासारखं स्पष्ट ऐकू येत होतं.

बाकी सगळं ठीक. इथे थंडी पडायला लागली. जिन्याचा दिवा गेला आहे, पण मला पायऱ्या पाठ आहेत. तुला वेगळं काही सांगायचं असेल तर लिही. तुझ्या पत्रात नेहमी असं वाटतं की एक पान तू स्वतःजवळ ठेवून घेतलंस.

तुझी आत्या

* * *

२१ ऑक्टोबर

आत्या,

बटाट्याचा प्रभूमध्ये सलाम. अक्षर वाकडं आहे, मशीनवर आहे म्हणून डाव्या हाताने लिहितोय. ताईला माहीत नाही. ती खाली पंप उघडून बसली आहे, म्हणजे मला अर्धा तास आहे.

आधी भांडतो. तिने तुला किडनीचं लिहिलं होतं. पोस्टात टाकायच्या आधी पाकीट तीनदा उघडलं, तीनदा चिकटवलं, मी बघत होतो. तुझं उत्तर आलं त्यात सुतारकाका होते, पिवळा कागद होता, जिन्याचा दिवासुद्धा होता. त्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. वर म्हणतेस, एक पान जवळ ठेवलंस. तिने पत्राची घडी घातली, खणात ठेवलं आणि म्हणाली, "ठीक." तिचं 'ठीक' तुला माहीत आहे. त्या दिवसापासून तुला पत्र नाही. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

तुला थोडक्यात सांगतो, कारण ती सांगणार नाही. गेल्या वर्षी सहा महिने तिच्या तपासण्या चालल्या. सगळं जुळत गेलं. ती दर रविवारी सकाळी उपासनेला आणि दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला जायची, रजिस्टरमध्ये सही करावी तशी, एकही चुकवली नाही. ऑपरेशनची तारीखसुद्धा पडली होती. शेवटच्या तपासणीत कळलं की माझं रक्त तिची किडनी स्वीकारणारच नाही, उलट तिच्यावर तुटून पडेल. डॉक्टर म्हणाले, कोणाचा दोष नाही. ती म्हणाली, "ठीक." पुढच्या रविवारी तिने घरातल्या सगळ्या नळांचे वॉशर बदलले.

आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यात मला ताप चढला. सुईच्या जागी संसर्ग झाला होता. चार दिवस हॉस्पिटलमध्ये होतो. आता उतरलाय, घाबरू नकोस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फार थरथरत होतो आणि तिला म्हटलं, ताई, प्रार्थना कर. मला वाटलं, आता ही थर्मामीटर मागेल. मग तिने यादी म्हणायला सुरुवात केली. तुझी यादी, आत्या. एक नंबरपासून, तुझ्याच चालीत, प्रत्येक तिसऱ्या नावानंतर श्वास. जुनी यादी होती, कारण लिफ्टवाले काका त्यात होते आणि त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी म्हटलं, ताई, ते गेले. म्हणाली, "मध्ये बोलू नकोस, क्रम चुकतो." बाराव्या नंबरावर माझं नाव आलं. ती थांबली नाही, आवाजही बदलला नाही. म्हटलं आणि पुढे गेली. सदतीसपर्यंत. मग म्हणाली, "आमेन. आता पाणी पी, शंभर मिलिलिटर, जास्त नाही."

हे मी तुला सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. आणि एक काम कर. तिचं नाव यादीत घाल. कारण लिहू नकोस.

बटाट्या

* * *

२४ ऑक्टोबर

प्रिय मोजपट्टी,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं ३० सप्टेंबरचं पत्र आज पुन्हा काढलं. खिडकीशी बसले, भिंग घेतलं, आणि काठाकाठाने गेले. समासातली पेन्सिल सापडली. सात ओळी वाचायला दुपार गेली. आत्ता वाचून झाल्या.

तुला वाटलं असेल मी वाचून गप्प बसले. मी वाचल्याच नाहीत. पाळकसाहेबांनी शाई तेवढी वाचली. पेन्सिल त्यांना दिसली असेल आणि त्यांनी शहाणपणाने सोडली असेल, किंवा घाईत दिसली नसेल. मला तर कागद आहे एवढंच दिसत होतं.

दोन वर्षं झाली. नजरेच्या मधोमध एक करडा डाग आहे. ज्याच्याकडे बघावं ते दिसत नाही, शेजारचं दिसतं. माणसाच्या कानाकडे बघितलं की चेहरा थोडा कळतो. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकेल कदाचित, गेलेलं येणार नाही. पिवळा कागद फिका झालेला नाही. चिटणीसबाईंनी काही एकात एक घातलं नाही. मी खोटं लिहिलं.

यादी मी पाठ करते. शनिवारी चिटणीसबाई फोडणीच्या गडबडीत नवीन नावं सांगतात, मी जुन्यात ओवते. रविवारी हातात कागद असतो तो लोकांसाठी. बोर्डावर तीनशे नंबर पाठ होते, सदतीस नावं म्हणजे काय! पण तू बारावं काढायला सांगितलंस. मी काढलं. अकरावरून तेरावर गेले आणि जिभेला पायरी चुकल्यासारखं झालं. ते नाव कुठे ठेवावं तेच कळेना, आणि पुढे आभाराच्या ओळीत ते आपोआप बाहेर पडलं. चूक झाली ती अशी.

किडनीबद्दल मला काही म्हणायचं आहे का, असं विचारलंस. तुला धीर देईन असं काही माझ्याकडे नाही. तुझे आतोबा गेले तेव्हापासून प्रार्थना करताना मला काही वाटत नाही. तेरा वर्षं. आधी वाटायचं, नंतर थांबलं. मी हे कोणाला सांगितलेलं नाही. दर रविवारी उठले, गेले, नावं वाचली. बोर्डावर आमचं काम जोडून देण्याचं होतं. पलीकडे कोणी उचललं का, काय बोलले, हे ऐकत बसायची परवानगी नव्हती. मला तेवढंच येतं. ही उपमा आहे. माफ कर.

आता तेही राहू दे. माझ्या तोंडून जिवंत मुलाच्या नावाचं असं झालं, उद्या काय होईल सांगता येत नाही. ८ नोव्हेंबरच्या रविवारी मी यादी पाळकसाहेबांना परत करणार आहे. ते म्हणतात, पडद्यावर नावं दाखवता येतील, ज्याने त्याने मनात वाचावीत. सुतारकाकांनी विचारलं, "मनात वाचलेलं मला ऐकू कसं येणार?" पण होईल सवय.

तू द्यायला निघाली होतीस. ते जुळलं नाही, एवढंच. मला ते आजच कळलं आणि मी आज दिवसभर तुझ्याकडे, म्हणजे तुझ्या कानाकडे, बघते आहे.

तुझी आत्या

* * *

२९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

सलाम.

तुझं पत्र २७ तारखेला मिळालं. उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण सोबतच्या कागदांचं काम होतं.

आधी माझी चूक. तू पेन्सिलीची ओळ वाचून टाळलीस असं मी धरून चालले आणि तीन आठवडे लिहिलं नाही. पुरावे समोर होते. तुझ्या ७ ऑक्टोबरच्या पत्रात ओळी उजवीकडे खाली उतरतात, पहिल्या पानावर आठ मिलिमीटर, दुसऱ्यावर तेरा. दोन ठिकाणी ओळीवर ओळ आहे. पत्र पाळकसाहेबांनी वाचून दाखवलं असं तू स्वतः लिहिलंस. मशीनच्या बाबतीत मी एवढ्यावरून झाकण उघडलं असतं. इथे मी राग धरला. शिवाय जे सांगायचं ते शाईने लिहायला हवं होतं.

धाकट्याला मध्ये संसर्ग झाला होता. आता बरा आहे, म्हणजे पूर्वीइतका. सोमवार, बुधवार, शुक्रवार चालू आहे. तुला हे आधीच माहीत असावं असा मला संशय आहे, कारण खालच्या खणातलं एक पाकीट आणि एक तिकीट कमी आहे. मी त्याला विचारलेलं नाही.

तेरा वर्षांबद्दल. मला त्यावर काय लिहावं ते कळत नाही. तेरा वर्षांचे रविवार म्हणजे पावणेसातशेच्या आसपास होतात. त्यातले बरेच मी पहिल्या बाकावरून ऐकले आहेत आणि तुला काही वाटत नाही हे मला एकदाही कळलं नाही. मला ती यादी पाठ आहे. मी पाठ करायला बसले नव्हते. तू वाचत होतीस म्हणून झाली. तुला काही वाटत असो वा नसो, इथे पलीकडे उचललं जात होतं, एवढं मी खात्रीने सांगू शकते. ही उपमा नाही.

मी गेल्या रविवारी इथल्या चर्चमध्ये उपासनेला गेले. शेवटच्या बाकावर बसले. मलाही काही वाटलं नाही. या रविवारीही जाणार आहे. याचा अर्थ काय ते मला माहीत नाही आणि तू तो लावू नकोस.

आता काम.

आमच्या केंद्रात डोळ्यांचा तुझ्यासारखाच आजार असलेल्या एक शिक्षिकाबाई येतात. त्यांना नेत्रतज्ज्ञांनी शिकवलेली पद्धत मी त्यांच्याकडून समजून घेतली. मधोमध डाग असेल तर शब्दाकडे बघायचं नाही. शब्दाच्या शेजारी एक जाड ठिपका काढतात. नजर ठिपक्यावर ठेवायची, म्हणजे शब्द डोळ्याच्या चांगल्या भागात येतो. तू कानाकडे बघून चेहरा ओळखतेस ते हेच आहे. तू ते स्वतः शोधून काढलंस, फक्त कागदावर केलं नाहीस.

चिटणीसबाईंकडून मी या आठवड्याची यादी मागवली आणि जाड पुठ्ठ्यावर छापली. एका पुठ्ठ्यावर एक नाव, अक्षर दोन बोटं उंच, पांढऱ्यावर काळं. आभाराची नावं पिवळ्यावर. ठिपका कोणत्या बाजूला हवा हे मला इथून मोजता येत नाही, म्हणून शेवटच्या नावाचे चार नमुने केले आहेत: ठिपका वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे. खिडकीकडे पाठ करून बस, पुठ्ठा हातभर लांब धर, आणि ठिपक्याकडे बघ. नावाकडे बघायचा मोह होईल. बघू नकोस.

बाराव्या नंबरावर धाकटा आहे. तो तिथेच राहू दे. तिसऱ्या रकान्याची मागणी मी मागे घेते.

अडतिसाव्या नंबरावर माझं नाव सापडलं. कारण दिलेलं नाही. कोणी घातलं ते मी शोधलं नाही. छापलं आहे.

एकोणचाळिसाव्या नंबरावर मी एक नाव घातलं आहे. एकतीस वर्षांत ते या यादीत कधी आलेलं नाही, मी आठवून पाहिलं. सोबतच्या चारही नमुन्यांवर तेच आहे. ते तुला वाचावं लागेल.

शुक्रवारचं डायलिसिस झालं की आम्ही दोघं निघू. शनिवारी, ७ नोव्हेंबरला, दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचू. सोमवारी पहाटे मला परत पाण्याजवळ आणि त्याला मशीनवर असायला हवं, म्हणून रविवारी उपासनेनंतर लगेच परतू. उपासनेत मी तुझ्या शेजारी उभी राहीन आणि पुठ्ठे एकेक करून पुढे करीन. वाचायचं तू. कुठे अडलीस तर पुढचं नाव मला येतं. सुतारकाकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

यादी पाळकसाहेबांना परत करायची का हे रविवारी उपासनेनंतर ठरव, आधी नको.

ठिपका कोणत्या बाजूला असताना एकोणचाळिसावं नाव वाचता आलं, आणि ते कोणाचं आहे, हे गुरुवार ५ नोव्हेंबरपर्यंत माझ्या हातात पडेल असं कळव. बाकीच्या अडतीस पुठ्ठ्यांवर ठिपके त्याप्रमाणे काढायचे आहेत.

तुझी
मोजपट्टी